हरणांना खाऊ घालावे का? जंगलालगतच्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात, आणि ताडोबा, पेंच, बोर, टिपेश्वर, नवेगाव-नागझिरा, मेळघाट या जंगलांच्या कडेने वसलेल्या बहुतेक गावांत, मार्च उलटला की हा प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी पुढे येतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात सहायक म्हणून बरीच वर्षे काढल्यामुळे तो माझ्याकडे जरा जास्तच येतो. उत्तर 'नाही' असेच आहे; परंतु नुसत्या 'नाही'ने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत घेऊन उत्तरे येथे मांडली आहेत.

उन्हाळ्यात जंगलात हिरवे पान दिसत नाही. मग हरणांनी खायचे काय?

आपल्याला जे जंगल ओसाड दिसते, ते चितळाला तसे दिसत नाही. गवत सुकले की चितळ झाडपाल्याकडे आणि जमिनीवर पडलेल्या फुलाफळांकडे वळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसाची फुले, त्यामागोमाग मोह, मग निरनिराळी फळे, असा एकेका झाडाचा हंगाम त्याच्या ओळखीचा असतो. पहाटे मोहाखाली टोपली घेऊन जाणाऱ्या बायाबापड्यांना हे सांगण्याची गरज नाही, कारण त्यांच्या आधी तेथे कोण येऊन गेले हे त्यांना खुरांवरून कळते. वानरांच्या टोळीखाली चितळांचा कळप उभा असलेला अनेकांनी पाहिला असेल; वानरे अर्धवट खाऊन टाकलेली पाने आणि फळे चितळांना आयती मिळतात, आणि वाघ-बिबट आलाच तर झाडावरच्या वानराचा इशाराही मिळतो.

उन्हाळ्यात हरणे रोडावतात, काही म्हातारी आणि अशक्त जनावरे मरतातही. हे पाहवत नाही हे मान्य आहे, पण ते दरवर्षीचे आहे आणि मृगाचा पाऊस पडला की मागे उरलेला कळप पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तकाकीवर येतो. टंचाई खरोखर वाढलेली असेल तर ती गवताची आणि पाण्याची असते, आणि तिच्यावरचा इलाज पोत्यातल्या धान्याने होत नाही. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

गाय-बैल ढेप, ज्वारी, कुटार सगळे खातात. हरीणही रवंथच करते, मग त्याला का चालत नाही?

हा प्रश्न सर्वांत योग्य आहे, आणि त्याचे उत्तर गोठ्यातच आहे. दावे तोडून गाय रात्री ज्वारीच्या राशीवर गेली, तर सकाळी तिची काय अवस्था होते हे प्रत्येक शेतकऱ्याने एकदा तरी पाहिलेले असते. चितळ, सांबर, काळवीट, रोही (नीलगाय) यांचे पोट गाईसारखेच चार कप्प्यांचे असते. पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवून पचवतात, आणि कोणते सूक्ष्मजीव किती संख्येने असावेत हे जनावर त्या दिवसांत काय खाते यावर ठरते. पाला आणि सुके गवत पचवणारी ही सगळी व्यवस्था दाण्यासाठी बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. आपल्या गाईला आपण खुराक मूठमूठ वाढवत नेतो तो याचसाठी.

उपाशी हरणाला एकदम भरपूर गहू, तांदूळ, मका किंवा भाकरी मिळाली, तर पिष्टमय पदार्थ झपाट्याने आंबून पोटात आम्ल तयार होते, चारा पचवणारे जीव मरतात, आम्ल रक्तात उतरते आणि एक ते तीन दिवसांत जनावर मरू शकते. म्हणजे ते भरल्या पोटी मरते. गाईला वेळेवर सोडा पाजता येतो, सलाइन लावता येते. हरीण तोवर झुडपात जाऊन बसलेले असते.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस गावाबाहेरच्या नाल्यात मेलेल्या एका चितळ मादीचे शवविच्छेदन झाले, तेव्हा मी डॉक्टरांच्या हाताखाली होतो. अंगावर एकही जखम नव्हती. पोट उघडताच आंबलेल्या ताकासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. या दिवसांत तेथे पाल्याचा आणि गवताचा जाडाभरडा चोथा असायला हवा होता; त्याऐवजी पातळ, पांढुरके पाणी होते आणि त्यात टरारून फुगलेले गव्हाचे दाणे होते. आतले अस्तर बोट लावताच सालीसारखे सुटत होते. जवळच्या वस्तीवर लग्नात उरलेले धान्य 'मुक्या जिवांच्या तोंडी लागो' म्हणून कोणीतरी नाल्याकाठी ओतले होते, हे दोन दिवसांनी कळले. ओतणाऱ्याला ते कधीच कळले नसावे.

एखादी पोळी किंवा चार बिस्किटे दिल्याने काय होणार आहे?

एका पोळीने हरीण मरत नाही. परंतु पोळी देणारा एकटा नसतो, आणि ज्या जागी एकदा मिळाली त्या जागी हरीण पुन्हा येते. बिस्किटाचा पुडाही तेथेच पडतो. मीठ आणि तेलाच्या वासाने प्लास्टिक चघळले जाते, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून ते बाहेर पडत नाही, त्याचा गोळा होतो. जपानमधील नारा या शहरात हरणांना खास बनवलेल्या कुरकुरीत चकत्या खाऊ घालण्याची प्रथा आहे आणि तिचे कौतुक आपल्याकडेही मोबाइलवर फिरत असते. त्याच नारामध्ये 2019 मध्ये मेलेल्या काही हरणांच्या पोटांतून प्लास्टिकचे गोळे निघाले आणि त्यांतील एक चार किलोंहून जड होता, हे मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

खाऊ घातल्याने रोग पसरतात असे म्हणतात. ते कसे?

मोकळ्या जंगलात कळप चरत पुढे जातो. एका ठिकाणी ढीग टाकला की पन्नास तोंडे त्याच ढिगात येतात आणि लाळ, शेण, मूत्र एकत्र होते. त्यात आपली ढोरे आणि शेळ्याही त्याच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) चरतात. लाळ्या-खुरकूत आणि शेळ्या-मेंढ्यांमधील पीपीआर हे रोग हरणांनाही होऊ शकतात, क्षयरोगही होतो, आणि ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालते. म्हणूनच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 33-अ मध्ये अभयारण्यातील आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतील पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद आहे. लाळ्या-खुरकुताची लस राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून दर सहा महिन्यांनी मोफत दिली जाते. ज्याला हरणांसाठी काही करायचेच आहे, त्याने आपल्या गोठ्यातील एकही जनावर या लसीतून सुटू देऊ नये. हे मी दवाखान्यातील सवयीने सांगतो आहे असे वाटेल, पण चार पोती मक्यापेक्षा ते हरणांच्या अधिक उपयोगाचे आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1990 च्या दशकात जंगली हरणांमध्ये गुरांचा क्षयरोग पसरलेला आढळला, तेव्हा शिकारीसाठी आणि हौसेसाठी टाकल्या जाणाऱ्या चाऱ्याच्या ढिगांकडे बोट दाखवले गेले आणि तेथे खाऊ घालण्यावर बंदी आली. तिकडे 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसलेला, हरणांना झिजवून मारणारा आणि औषध नसलेला आणखी एक रोग आहे. त्याच्यामुळेही अनेक राज्यांत हरणांना चारा टाकणे बेकायदेशीर आहे. हा दुसरा रोग भारतात आढळलेला नाही, त्यामुळे त्याची भीती येथे कोणी घालू नये.

हरणे गावाजवळ आली तर बिघडले कोठे? उलट शोभा वाढते.

हरणामागे वाघ येतो. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर भागातील गावकऱ्यांना यापेक्षा जास्त स्पष्टीकरण लागत नाही. त्या भागात अभयारण्यांच्या बाहेरही वाघ मोठ्या संख्येने आहेत, आणि मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, गुरे चारताना माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. चितळांचा कळप शाळेमागच्या पडीक जागेत रोज संध्याकाळी येऊ लागला, तर काही दिवसांनी बिबट तेथे बसू लागतो, आणि त्याला चितळ मिळाले नाही तर शेळी किंवा कुत्रे चालते. मग गावात पिंजरा लावावा लागतो. बिबट पकडला जातो, पण ज्याने चितळांना बोलावले त्याला कोणी काही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. माणूस दिसताच पळणे ही हरणाची राखण आहे. खाऊ घालून आपण ती काढून घेतो. त्यानंतर ते हरीण रस्त्यावर गाडी पाहून थांबते, कुत्र्यांच्या टोळीपुढे उभे राहते आणि फासे लावणाऱ्यालाही खाऊ देणाराच समजते. शिकारी पाणवठ्याजवळ आणि मिठाच्या चाटणाजवळ का बसतात, याचा विचार केला तर आपण टाकलेला ढीग कोणाच्या सोयीचा आहे हे लक्षात येते.

नागपूर-शिवनी मार्गावर, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 खाली प्राण्यांना जाण्यासाठी महाराष्ट्राच्या हद्दीत 9 मार्गिका बांधल्या आहेत, त्यांतील सर्वांत लांब 750 मीटरची आहे. प्राणी रस्त्यावर येऊ नयेत यासाठी एवढा खर्च झाला. त्याच जंगलांतील इतर रस्त्यांवर गाडीची काच खाली करून केळी फेकणारे प्रवासी मात्र प्राण्यांना रस्त्यावरच बोलावतात.

शेताबाहेर, जंगलाच्या कडेला चारा टाकला तर हरणे आणि रोही तेथेच पोट भरतील आणि पीक वाचेल, असे नाही का?

हा उपाय करून पाहिलेल्या प्रत्येकाचा अनुभव उलटा आहे. कळप टाकलेला चारा खातो, आणि मग पीकही खातो. पूर्ण वाढलेला रोही नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. त्याच्यापुढे चार पेंढ्या तणस ही न्याहारी आहे. शिवाय चाऱ्यासाठी आलेला कळप त्याच परिसरात मुक्काम करू लागतो, रात्री तुरीत बसतो, आणि हरभरा घाट्यांवर आला की त्याला वाट दाखवावी लागत नाही. रानडुकरांबद्दल तर बोलायलाच नको. धान्याच्या ढिगावर हरणांच्या आधी तीच पोचतात.

पिकाच्या रक्षणासाठी जागलीला पर्याय म्हणून सौर कुंपण आहे. त्यात झटका बसतो, जीव जात नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळते. चौकशी वनरक्षकाकडे करावी. तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या तारेला वाघ, हरीण, शेजारचा शेतकरी आणि ती लावणारा स्वतः यांच्यात फरक करता येत नाही. नुकसान झाले तर पंचनामा आणि भरपाईचा अर्ज लगेच करावा. भरपाई अपुरी मिळते आणि उशिरा मिळते ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. ज्याची तूर रात्रीतून आडवी झाली त्याला हरणांवर दया करण्याचे धडे या पृष्ठावरून देण्याचा हेतू नाही.

वानरांना चणे-फुटाणे घालणे हे तर पुण्याचे काम आहे. रामटेकला सगळेच देतात.

रामटेकच्या गडावर आणि चिखलदऱ्याच्या घाटात हे दृश्य नेहमीचे आहे. काळतोंडे वानर मुळात पाला खाणारे आहे, आणि त्याचेही पोट कप्प्याकप्प्यांचे असते. गोड बिस्किटे, चिप्स आणि शिळा प्रसाद त्याला मानवत नाही. आयते मिळू लागले की टोळी झाडावरून उतरते, पिशव्या हिसकावते, चावते, आणि गाडीखाली सापडते. श्रद्धेवर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु मारुतीला नारळ फोडून तो माणसांत वाटला तर पुण्य कमी होते, असे सांगणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

निदान पाणी तरी ठेवावे की नाही?

घराच्या अंगणात चिमण्या-पाखरांसाठी मातीच्या भांड्यात पाणी जरूर ठेवावे. दोन दिवसांनी भांडे घासून पाणी बदलावे, एवढेच. हरणांसाठी गावालगत टाके ठेवण्याचा प्रकार वेगळा आहे, कारण वाघ-बिबटाबद्दल वर जे सांगितले ते पाण्यालाही लागू होते, किंबहुना जास्तच. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाघ पाण्यातच बसून राहतो.

पाणवठा कोठे असावा, दोन पाणवठ्यांत अंतर किती असावे, पाण्यात कोणी युरिया किंवा विष तर कालवले नाही ना, हे पाहणे हे वनविभागाचे काम आहे. गावाने करायचे ते असे: जंगलातील पाणवठा कोरडा दिसला, सौर पंप बंद पडला, पाण्याला विचित्र रंग किंवा वास आला, किंवा काठावर मेलेली पाखरे दिसली, तर त्याच दिवशी कळवावे. श्रमदान करायचे असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या परवानगीने नाल्यावर वनराई बंधारा बांधावा. पोत्यात माती भरून घातलेला तो बांध डिसेंबरपर्यंत झाला तर पुढे कितीतरी दिवस पाणी धरून ठेवतो.

वनविभाग स्वतः मीठ ठेवतो, पाणी ठेवतो. मग आम्हीच काय वाईट केले?

विभागाचे प्रत्येक काम बरोबरच असते असे म्हणण्याचे कारण नाही. पण विभागाचे जे काम खरोखर उपयोगी पडले, ते पोत्यांचे नव्हे, कुरणांचे आहे. ताडोबातील नवेगाव, जामणी यांसारखी गावे बाहेर वसवल्यानंतर जुन्या धानाच्या बांध्यांत गवत वाढू दिले, आणि जेथे नांगर चालत होता तेथे आज चितळांचे कळप चरताना दिसतात. मेळघाटातही उठलेल्या गावांच्या जागी असेच झाले. मारवेल, पवन्या अशी चांगली गवते टिकवणे, तण उपटणे, वणवा रोखणे, हेच हरणांना खाऊ घालणे आहे. मोह वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना आहे. ती आग तेथेच थांबत नाही, आणि तिच्यात जळालेले गवत किती पोती चाऱ्याने भरून निघेल याचा हिशेब कोणी करत नाही.

पाडस एकटेच सापडले, तर त्याला घरी आणून दूध पाजावे का?

नाही, आणि ही चूक सर्वांत जास्त वेळा होते. चितळाची किंवा काळविटाची मादी नुकत्याच जन्मलेल्या पिलाला गवतात दडवून तासन्‌तास दूर चरते, आणि पाजण्यापुरती परत येते. पाडस हालत नाही, ओरडत नाही. ते सोडून दिलेले नसते, लपवलेले असते.

फेब्रुवारीत हरभरा सोंगायला गेलेल्या दोन बायका एकदा असेच पाडस दुपट्ट्यात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यांतली म्हातारी म्हणाली, "माय टाकून गेली हो बिचाऱ्याले, दूध पाजा ना भाऊ." त्याचे कान मागे चिकटलेले होते आणि छाती चिमणीसारखी धडधडत होती. वनरक्षकाला बोलावले, आणि त्याच्यासोबत जाऊन ज्या धुऱ्यावरून ते उचलले होते तेथेच, त्याच गवतात, सूर्य मावळण्यापूर्वी ठेवले. दूरच्या बाभळीआड आम्ही तासभर बसलो. अंधार पडता पडता मादी आली, दोनदा पाय आपटला, आणि त्याला घेऊन गेली. माणसाचा वास लागला की आई पिलाला टाकते, हा समज खरा नाही.

गाईचे दूध पाडसाला बहुधा हगवण लावते, आणि बाटलीने घाईत पाजलेले फुप्फुसात जाते. पकडण्याच्या आणि हाताळण्याच्या धसक्यानेही हरणाचे स्नायू निकामी होऊन ते काही तासांत किंवा दिवसांनी मरू शकते. त्यातून वाचलेच आणि नर निघाला, तर दोन वर्षांनी शिंगे आल्यावर ज्या घरात वाढला त्याच घरातील माणसांवर धावून जातो, कारण त्याला माणूस हा प्रतिस्पर्धी नर वाटू लागलेला असतो. आई मेलेली प्रत्यक्ष दिसली, पाडस जखमी असले किंवा त्याच्या अंगावर माश्या-मुंग्या बसत असल्या, तरच हस्तक्षेप करावा, आणि तोही 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवून.

खाऊ घातल्याबद्दल खरेच गुन्हा दाखल होतो का?

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे आणि आमिष दाखवणे हेही येते. अभयारण्यात प्राण्यांना छेडणे व कचरा टाकणे कलम 27 नुसार मना आहे. परवानगीशिवाय पाडस घरात ठेवणे हा तर सरळ गुन्हा आहे, कारण असा ठेवलेला वन्यप्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. दयेपोटी भाकर टाकणाऱ्या म्हातारीला कोणी तुरुंगात घालत नाही. मात्र सफारीत जिप्सीतून खाऊ फेकणाऱ्या पर्यटकावर कारवाई व्हायलाच हवी, आणि गाइडने ते पाहून गप्प बसू नये.

मग आम्ही गावकऱ्यांनी नेमके करायचे तरी काय?

आपल्या शिवारातील कठडा नसलेल्या विहिरींपासून सुरुवात करावी. पाण्याच्या वासाने आलेले रोही किंवा चितळ रात्री त्यात पडते, आणि सकाळी खाटेला दोर बांधून ते काढताना अर्धे गाव जमते. कमरेएवढा कठडा बांधणे जमत नसेल तर काटेरी फांद्यांचे दाट कुंपण तरी करावे. शेततळ्यांचा धोका त्याहून मोठा आहे. प्लास्टिकचे अस्तर ओले झाले की त्यावर खूर ठरत नाही, जनावर चढायचा प्रयत्न करते, घसरते, आणि दमून बुडते. तळ्याच्या चारही बाजूंना जाळी मारणे उत्तम. तेवढा खर्च झेपत नसेल तर जुन्या दोरखंडाला हातहात अंतरावर जाड गाठी मारून किंवा लाकडाचे आडवे तुकडे बांधून तो काठावरच्या खुंटाला पक्का करावा आणि अस्तरावरून पाण्यापर्यंत सोडावा. रुंद तळ्याला असे दोन-तीन सोडावेत. पोत्यांत माती भरून एका कोपऱ्यात पायऱ्यांसारखी रचली तरी चालते, फक्त पावसाळ्यानंतर ती पुन्हा रचावी लागतात.